पकड किती घट्ट? चिरलेलं वांगं, पाटणचा खेकडा, तासगावचा बेदाणा आणि ऑक्सिजनची केमिस्ट्री

साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्यात ज्यांची रेंज गेली आणि अर्धा एपिसोड हुकला, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. ज्यांनी पूर्ण ऐकलाय त्यांनीही वाचा, कारण बोलताना काही आकडे घाईघाईत गेले होते. ते इथे नीट दिलेत.

सुरुवात तीन साध्या प्रश्नांनी करू. वांगी चिरली की घरी ती लगेच मिठाच्या पाण्यात का टाकतात? रसवंतीवाला उसाबरोबर लिंबू का पिळतो? आणि तासगावच्या बेदाणा शेडमध्ये गंधकाची धुरी का देतात?

तिन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं: तांब्याचे दोन अणू आणि त्यांनी धरून ठेवलेला ऑक्सिजन. धातूनं ऑक्सिजन कसा धरलाय, यावर तो ऑक्सिजन पुढे काय करणार हे ठरतं. पकड सैल असेल तर तो नुसता प्रवास करतो. थोडी घट्ट झाली की वांगं काळं करतो. आणखी पुढे गेली की लिव्हरमध्ये औषधाचा रेणू फोडतो. आजचा सगळा एपिसोड या एका वाक्याचा विस्तार आहे. मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे एखादी उपमा त्या बाजूची आली तर चालवून घ्या.

ऑक्सिजन मुळात आळशी आहे

हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन. लाकूड, तेल, कापूस, आपलं अंग, सगळं त्यात जळू शकतं. मग आपण आपोआप पेट का घेत नाही?

कारण ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकटे बसलेले असतात आणि दोघांची फिरकी एकाच दिशेची असते. शास्त्रज्ञ याला ‘स्पिन’ म्हणतात. बाकी बहुतेक रेणूंमध्ये, म्हणजे साखर, तेल, प्रथिनं यांच्यात, इलेक्ट्रॉन जोडीनं असतात आणि जोडीतल्या दोघांची फिरकी उलटसुलट असते. या दोन व्यवस्था एकमेकांत सहज बसत नाहीत. तुमच्याकडे टाइप-सी केबल आहे आणि मित्राच्या फोनला जुनं पोर्ट आहे, तसं. वीज आहे, फोनही आहे, पण चार्जिंग होत नाही. भरपूर उष्णता दिली, म्हणजे काडी लावली, तर गोष्ट वेगळी.

हे एकटे इलेक्ट्रॉन डोळ्यांनीही ‘दिसतात’. द्रवरूप ऑक्सिजन तगड्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ओतला तर तो तिथे चिकटून लोंबकळतो. यूट्यूबवर व्हिडिओ आहेत, जरूर बघा.

आता हवा एक कन्व्हर्टर. ते काम लोह, तांबं, मँगनीज असे धातू करतात. त्यांच्याकडेही एकटे इलेक्ट्रॉन असतात आणि ते ऑक्सिजनला एकेक करून इलेक्ट्रॉन देऊ शकतात. असा दिलेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या दोन अणूंमधलं बंधन सैल करणाऱ्या जागेत जाऊन बसतो. जेवढे इलेक्ट्रॉन जास्त, तेवढं ते बंधन ढिलं. मोजमापच घ्या: हवेतल्या ऑक्सिजनच्या दोन अणूंमधलं अंतर १२१ पिकोमीटर असतं. धातूनं धरल्यावर ते वाढत जातं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिली पकड: धरायचं आणि सोडायचं

रक्तातलं हिमोग्लोबिन. त्यात लोहाचा अणू असतो, त्याच्या चारही बाजूंनी नायट्रोजनची चौकट आणि खालून प्रथिनाचा एक आधार. वरची जागा मोकळी. फुप्फुसात ऑक्सिजन तिथे एका टोकानं, जरा तिरका टेकतो. लोह त्याला साधारण एक इलेक्ट्रॉन देऊ करतं, पण दोन ऑक्सिजन अणू एकमेकांपासून तुटत नाहीत. पेशींपाशी पोचला की ऑक्सिजन उतरतो आणि लोहाचा इलेक्ट्रॉन लोहाकडे परत. एसटीतल्या प्रवाशासारखं: बसला, उतरला, गाडी जशीच्या तशी.

इथे पकड घट्ट झाली तर काय होतं ते बंद खोलीत पेटवलेली शेगडी दाखवते. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० पट घट्ट चिकटतो. सीट अडते आणि माणूस गुदमरतो.

आणि पकड चुकीच्या पद्धतीची झाली तर? लोहाची ही चौकट प्रथिनातून काढून नुसती द्रावणात टाकली, तर दोन चौकटी मिळून एकाच ऑक्सिजनला दोन्हीकडून धरतात आणि शेवटी गंजासारखं लोह-ऑक्सिजन-लोह असं बंधन उरतं. मग सोडणं विसरा. १९७०च्या दशकात अमेरिकेत जेम्स कॉलमन यांनी यावर सुंदर तोडगा काढला. त्यांनी चौकटीच्या एका बाजूला रेणूंचं उंच कुंपण उभं केलं. दुसरी चौकट जवळच येऊ शकत नाही, त्यामुळे बिनाप्रथिनाची ती चौकटही ऑक्सिजन धरू-सोडू लागली. निसर्गाची नक्कल म्हणजे सगळं प्रथिन पुन्हा बांधणं नाही. नेमका कुठला भाग काम करतो ते ओळखायचं आणि तेवढंच बांधायचं. ‘बायो-इन्स्पायर्ड कॅटॅलिसिस’ म्हणतात ते हेच. कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक: काम करून पुन्हा मूळ रूपात येणारा आणि तेच काम पुन्हा पुन्हा करणारा.

दुसरी पकड: खेकडा आणि वांगं

आता साताऱ्याकडे वळू. जावळी, पाटण भागात पावसाळ्यात ओढ्यांना खेकडे निघतात. खेकड्याचं रक्त लाल नसतं. हवा लागली की ते निळसर दिसतं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं असतं. त्या प्रथिनाचं नाव हिमोसायनिन. त्यात तांब्याचे दोन अणू समोरासमोर असतात. प्रत्येकाला हिस्टिडीन नावाच्या तीन घटकांनी धरलेलं असतं आणि ऑक्सिजन दोघांच्या मधोमध आडवा झोपतो.

ही ‘आडवी’ रचना आधी कळली ती प्रयोगशाळेत बनवलेल्या नकलेतून. १९८९ मध्ये जपानच्या नोबुमासा किताजिमा यांच्या गटानं दोन तांबे आणि मध्ये आडवा ऑक्सिजन असलेला छोटा रेणू बनवला. त्याचा रंग आणि प्रकाश शोषण्याची तऱ्हा हिमोसायनिनशी जुळली. ऑक्सिजन धरलेल्या हिमोसायनिनच्या स्फटिकात तीच रचना नंतर दिसली. नक्कल अस्सलच्या आधी पोचली, असं विज्ञानात फार वेळा होत नाही.

या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंमधलं अंतर १४१ पिकोमीटर आहे. म्हणजे १२१ वरून १४१. दोन्ही तांब्यांनी एकेक इलेक्ट्रॉन दिला आणि बंधन बरंच ढिलं झालं.

आता खरी गंमत. कृष्णाकाठच्या वांग्यात, द्राक्षात, उसात एक एन्झाइम असतं: पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. त्याच्या आतही हेच असतं! दोन तांबे, तीन-तीन हिस्टिडीन, मध्ये आडवा ऑक्सिजन. मग खेकड्यात तो नुसता प्रवास करतो आणि वांग्यात काळं का करतो?

फरक दाराचा आहे. खेकड्याच्या प्रथिनात तांब्यापर्यंत जायची वाट अडवलेली असते. ऑक्सिजनसारखा छोटा रेणू आत जातो, मोठा फिनॉल जाऊ शकत नाही. वांग्याच्या एन्झाइममध्ये वाट मोकळी असते. फिनॉल आत येतो, ढिला झालेला ऑक्सिजन त्याच्यावर तुटून पडतो, त्यातून ‘क्विनोन’ तयार होतो आणि क्विनोन एकमेकांना जोडून तपकिरी-काळा रंग बनतो. कोड तोच, फक्त एका ठिकाणी ॲक्सेस बंद आहे आणि दुसऱ्या ठिकाणी खुला.

वांगं अख्खं असताना काळं पडत नाही, कारण पेशीत एन्झाइम एका कप्प्यात आणि फिनॉल दुसऱ्या कप्प्यात असतो. सुरी फिरली की कप्पे फुटतात आणि वरून हवा मिळते.

आता बेदाण्याचं गणित

तासगाव, सांगली म्हटलं की बेदाणा. सांगलीच्या बेदाण्याला जीआय मानांकनही आहे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे शेतकऱ्याची वर्षाची मेहनत चौथ्या हिश्श्यात आटते. आणि सौद्यात भाव ठरताना व्यापारी आधी बघतो तो रंग. हिरवा किंवा सोनेरी माल असेल तर चांगला दर, तपकिरी पडला तर दर खाली. चव तीच असली तरी. म्हणजे ढोबळमानानं, घराचा हप्ता तांब्याच्या दोन अणूंवर अवलंबून.

आता शेडमधली प्रत्येक कृती या पकडीच्या भाषेत वाचून बघा.

द्राक्षं आधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात. त्यानं सालीवरचा मेणाचा थर मोकळा होतो आणि पाणी लवकर निघून जातं. पाणी संपलं की एन्झाइमचं काम थंडावतं. म्हणजे एन्झाइमला मिळणारा वेळच कमी केला.

सावलीत, हवेशीर रॅकवर सुकवतात, कारण कडक उन्हात रंग बिघडतो.

गंधकाची धुरी म्हणजे सल्फर डायऑक्साइड. तो दोन ठिकाणी मारा करतो: एन्झाइमला निकामी करतो आणि तयार झालेल्या क्विनोनला पुढे रंग बनू देत नाही. उपाय जबरदस्त आहे, पण फुकट नाही. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, म्हणून खाण्याच्या मालात त्याच्या प्रमाणावर मर्यादा असते. धुरी जास्त झाली तर रंग सुंदर दिसेल आणि माल तपासणीत अडकेल.

घरचे उपायही याच रांगेत बसतात. पाण्यात बुडवलं की हवा कमी. मिठातला क्लोराइड तांब्यापाशी जाऊन ऑक्सिजनच्या कामात आडवा येतो. लिंबू आंबट, आणि आंबटात हिस्टिडीनची तांब्यावरची पकड बिघडते. शिवाय लिंबातलं क जीवनसत्त्व क्विनोनला परत मागे नेतं. म्हणून लिंबाचा उसाचा रस जास्त वेळ पोपटी राहतो. आणि कराडकडच्या गुऱ्हाळात रस काहिलीत उकळला की एन्झाइमच मोडतं. त्यानंतर गुळाला जो रंग येतो तो वेगळ्या कारणांनी, उष्णतेत साखरेच्या होणाऱ्या बदलांमुळे.

एक मात्र लक्षात घ्या, हे एन्झाइम काही खलनायक नाही. काळा चहा ‘काळा’ होतो तो याच्याच कृपेनं. चहाच्या कारखान्यात पानं मुद्दाम चुरगाळून त्याला काम करू देतात.

तिसरी पकड: ऑक्सिजन तोडून एकच अणू हातात

आत्तापर्यंत ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना धरून होते. आता तिसरा प्रकार: ते पूर्ण तुटतात आणि धातूच्या हातात एकटा ऑक्सिजन अणू उरतो. याला ‘ऑक्सो’ म्हणतात.

आपल्या लिव्हरमध्ये सायटोक्रोम पी-४५० नावाचं एन्झाइमांचं कुटुंब आहे. त्यातही हिमोग्लोबिनचीच लोहाची चौकट! पण खालून आधार नायट्रोजनचा नाही, गंधकाचा. तेवढ्या बदलानं काम पालटतं. गंधक खालून लोहाकडे इलेक्ट्रॉन ढकलतो, ऑक्सिजनचे दोन अणू तुटतात, एक पाणी होऊन जातो आणि दुसरा लोहावर राहतो. हा लोह-ऑक्सो इतका भुकेला की समोरच्या रेणूतल्या कार्बनचा हायड्रोजन ओढून घेतो आणि लगेच तिथे स्वतः बसतो. तेलकट औषधाचा रेणू असा पाण्यात विरघळण्याजोगा होतो आणि शरीराबाहेर जातो. हे रूप फार कमी वेळ टिकतं. २०१० मध्ये रिटल आणि ग्रीन या दोघांनी ते पुरेशा प्रमाणात पकडून नीट मोजलं.

भूक किती, हे कशावरून ठरतं? नियम सोपा आहे. हायड्रोजन काढताना कार्बन-हायड्रोजन बंध तुटतो आणि ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तयार होतो. नवीन बंध जेवढा मजबूत, तेवढं काम सोपं. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४४० किलोज्यूल लागतात, म्हणून मिथेन सगळ्यात हट्टी.

मग कुठलाही धातू का चालत नाही?

इथे १९६२ चं एक जुनं काम उपयोगी पडतं. हॅरी ग्रे आणि बॉलहाउसेन यांनी व्हॅनेडियम आणि ऑक्सिजनमधलं बंधन समजावून सांगितलं. त्याचा सारांश असा: धातूकडे स्वतःचे इलेक्ट्रॉन कमी असतील तर ऑक्सिजनशी बंधन पक्कं. इलेक्ट्रॉन वाढले की ते बंधन ढिलं करणाऱ्या जागांमध्ये जाऊन बसतात.

व्हॅनेडियमकडे त्या अवस्थेत असा एकच इलेक्ट्रॉन, तोही बिनधोक जागी. बंधन तिहेरी. व्हॅनेडिल सल्फेट ही निळी पूड बाटलीत वर्षानुवर्षं निवांत पडून राहते. लोह-ऑक्सोमध्ये चार इलेक्ट्रॉन: दोन बिनधोक, दोन ढिलं करणाऱ्या जागी. बंधन दुहेरी उरतं. कोबाल्ट, निकेल, तांब्याकडे त्याहून जास्त, त्यामुळे त्याच चौकटीत असा एकटा ऑक्सो टिकतच नाही. लोहाचा रकाना आणि कोबाल्टचा रकाना यांच्यामधल्या या रेषेला केमिस्ट मंडळी ‘ऑक्सो वॉल’ म्हणतात.

म्हणजे लोह भिंतीच्या अगदी अलीकडे, काठावर उभं आहे. बंधन टिकण्याइतकं घट्ट आणि कामाला येण्याइतकं सैल. तांबं भिंतीपलीकडे, म्हणून ते दोघं मिळून ऑक्सिजन वाटून घेतात, जसं वांग्यात. लोह स्वस्त आहे, मातीत भरपूर आहे, पण निसर्गानं ते एवढं वापरण्यामागे ही काठावरची जागाही आहे.

पुण्यातला लोह-पाच

हे सगळं कळल्यावर लोकांनी प्रयोगशाळेत लोह-ऑक्सो बनवायला घेतला. अडचण एकच: इतकी भुकेली वस्तू ठेवायची कशात? ती भोवतालचा सांगाडाच खाऊन टाकते. २००३ मध्ये लोह-चार ऑक्सोची पहिली स्फटिक रचना प्रसिद्ध झाली. तो रेणू उणे ४० अंश सेल्सिअसला बनवला होता. लोह-ऑक्सिजन अंतर निघालं सुमारे १६५ पिकोमीटर, दुहेरी बंधनाला शोभेलसं.

त्याहून भुकेला म्हणजे लोह-पाच. अमेरिकेत टेरी कॉलिन्स यांनी ‘टॅमल’ नावाची चौकट बनवली. तिच्यात चार ऋणभारित नायट्रोजन असतात. ते लोहाला सढळ हातानं इलेक्ट्रॉन देतात, आणि सांगाड्यात सहज ओढता येईल असा कमकुवत हायड्रोजन ठेवलेला नाही. २००७ मध्ये या चौकटीत लोह-पाच ऑक्सो सापडला, पण उणे ६० अंशांच्या आसपास.

आणि २०१४ मध्ये पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या एनसीएलमध्ये, सायम सेन गुप्ता यांच्या गटानं टॅमलच्या चौकटीत एक बदल केला आणि लोह-पाच ऑक्सो खोलीच्या तापमानाला टिकवून दाखवला. टिकला म्हणून तो निवांत झाला, असंही नाही. सायक्लोहेक्झेनसारख्या हट्टी रेणूचा हायड्रोजन तो काढू शकतो. टिकाऊ आणि तरीही भुकेला, ही जोडी जमवणं हीच या क्षेत्रातली कसरत. तिकडे पवईत आयआयटी मुंबईला गोपालन राजारामन यांचा गट संगणकावर हेच तपासतो: लोहाचे एकटे इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या तऱ्हेनं मांडले, तर हायड्रोजन ओढायची वाट सोपी होते की अवघड.

याचा आपल्याला काय उपयोग? टॅमलचे उत्प्रेरक थोड्याशा हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर पाण्यातले रंग आणि काही कीटकनाशकं फोडतात, हे प्रयोगांत दिसलंय. सांगलीशेजारी इचलकरंजीसारखं कापडाचं गाव आहे, तिथे रंगाच्या पाण्याचा प्रश्न जुना आहे. उसाच्या चिपाडातला सेल्युलोज फोडून इथेनॉल करायचा, तर तिथेही एका तांब्याचं एन्झाइम मदतीला येतं. २०१० पासून त्यावर जोरात काम सुरू आहे. प्रयोगशाळेतून नाल्याच्या काठापर्यंतचा रस्ता लांब असतो. स्वतः उत्प्रेरकही काही फेऱ्यांनंतर मरतो आणि खर्चाचं गणित बसावं लागतं. पण दिशा बरोबर आहे: महागड्या किंवा विषारी धातूंऐवजी लोह, आणि भट्टीऐवजी साधं तापमान.

जाता जाता

आज घरी एक प्रयोग करा. एक वांगं चिरून चार वाट्यांत ठेवा: एक नुसतं उघडं, एक मिठाच्या पाण्यात, एकावर लिंबू पिळून, आणि एक फोड मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढून. अर्ध्या तासानं फोटो काढा आणि आम्हाला पाठवा. प्रत्येक वाटीत पकड नेमकी कुठे सुटली, हे एका ओळीत लिहा. नंतर त्याच वांग्यांचं भरीत करा, वाया घालवू नका. भेटू पुढच्या भागात!